कॉर्सिकाचा घाट आणि सायकल

सायकलीवर व्याख्यान देणार असे आम्ही घरी सांगितले, तेव्हा "त्यात सांगण्यासारखे काय आहे?" असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी सायकल चालवली आहे, पंक्चर काढले आहे, निसटलेली चेन बसवताना हात काळे करून घेतले आहेत. आणि घाट लागला की खाली उतरून सायकल हाताने ढकलत नेलेलीही आहे. सायकल सपाटीची आणि घाट मोटारीचा, अशी एक वाटणी आपल्या मनात कायमची होऊन बसलेली असते. ही वाटणी खरी नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यासाठी आपणांस भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर यावे लागेल, कारण आमच्यापुरती तरी ती वाटणी तेथल्या एका घाटात मोडली.

आम्ही म्हणजे दोघे मित्र. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. व्यायामाच्या बाबतीत दोघेही यथातथाच. त्यातून आमच्या मित्रांचा उजवा गुडघा दुखरा. घराचा जिना चढताना ते कठडा धरतात. डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवण्याची परवानगी दिली होती, पण गुडघ्यावर जोर पडू द्यावयाचा नाही या अटीवर. ओलांडावयाची होती व्हेर्जिओची खिंड. ती सुमारे १,४७५ मीटर उंच, म्हणजे त्या बेटावरील मोटाररस्त्याची सर्वांत उंच खिंड. आणि निघावयाचे होते समुद्रकाठच्या पोर्तो गावाहून, म्हणजे अगदी शून्यापासून. एवढा चढ आणि गुडघ्यावर जोर नाही, या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न घेऊनच आम्ही बोटीत बसलो होतो.

प्रथम त्या बेटाविषयी थोडेसे. कॉर्सिका फ्रान्सच्या ताब्यात असले तरी नकाशात ते इटलीच्या कुशीला दिसते. लांबी १८३ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ८३. कित्येक शतके ते जिनोआच्या अमलाखाली होते. पास्क्वाले पाओली याच्या नेतृत्वाखाली कॉर्सिकन लोकांनी डोंगरातील कोर्ते या गावी स्वतःचे राज्य उभारले. परंतु १७६८ साली जिनोआने आपला हक्क फ्रान्सच्या हवाली केला आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सैन्याने ते राज्य मोडले. त्याच १७६९ साली आजाक्सियो येथे नेपोलियन जन्मला. असो. सायकलस्वाराला महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे बेट म्हणजे समुद्रातून उभा राहिलेला पर्वतच. मोंते चिंतो हे तेथले सर्वोच्च शिखर २,७०६ मीटर उंच आहे आणि किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा तेथे सपाटीवरून फिरू असे म्हणणाऱ्याने जाऊच नये.

आता त्या गुडघ्याच्या प्रश्नाकडे वळू. आपली नेहमीची काळी सायकल घ्या. तिच्या पुढच्या चक्राला ४४ दाते असतात, मागच्या फ्रीव्हीलला १८. पॅडल एकदा पुरते फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. पण रस्ता शंभराला पाच या प्रमाणात चढू लागला की दर फेऱ्याला सायकल, सामान आणि स्वार मिळून २७ सेंटिमीटर वर उचलावे लागतात. एका फेऱ्यात दोन्ही पाय एकेकदा दाबतात, म्हणजे एका दाबाला साडेतेरा सेंटिमीटर. आमचे सगळे ओझे धरून वजन सुमारे ९० किलो. पॅडल वरून खाली येते ते ३४ सेंटिमीटर. हिशेब केला तर प्रत्येक दाबाला पायावर सरासरी ३६ किलोंचा भार येतो, घर्षण वेगळेच. तरणाताठा गडी शेपन्नास दाब मारील. हजारो दाब मारावयाचे म्हटले की त्याचाही गुडघा बोलू लागतो.

आमच्या सायकलींना पुढे तीन चक्रे होती आणि मागे नऊ. त्यांतले पुढचे सर्वांत लहान २६ दात्यांचे, मागचे सर्वांत मोठे ३२ दात्यांचे. ही जोडी लावली की पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल जेमतेम १.८ मीटर सरकते. त्याच चढावर एका दाबाला साडेचार सेंटिमीटर चढाई आणि पायावर भार बारा किलोंचा. बारा किलो म्हणजे काहीच नव्हे. आपण उभे असताना गुडघ्यावर याहून अधिक वजन असते. काम कमी झाले असे मात्र कोणी समजू नये. खिंड तेवढीच उंच आणि आम्ही तेवढेच जड. कर्ज तेच राहते, हप्ते तेवढे लहान होतात आणि संख्येने तिप्पट होतात. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग पडतो ताशी साडेसहा किलोमीटर. चालणाऱ्याहून थोडा अधिक. घाटातील सायकलप्रवासाचे सारे रहस्य या संथपणात आहे आणि ज्याला तो संथपणा कमीपणाचा वाटतो त्याने मोटारीने जावे.

तो कमीपणाचा वाटत असे, हे मात्र खरे, आणि वाटत असे तो सायकलवाल्यांनाच. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन नावाचे गाव आहे. बंदुका, रेशमी फिती आणि सायकली यांच्यासाठी प्रसिद्ध. तेथे पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) या नावाचे गृहस्थ रेशमाचा व्यापार करीत. सायकलीचा छंद लागला आणि व्यापार मागे पडला. 'वेलोसियो' या टोपणनावाने ते लिहीत. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेले मासिक काढले. त्यांच्या गावाला लागूनच डोंगर. एकाच चक्राच्या सायकलीने तो चढताना जो त्रास होई, त्यावर उपाय म्हणून त्यांनी निरनिराळ्या दात्यांची चक्रे बदलण्याच्या नाना युक्त्या करून पाहिल्या आणि त्यांचा जन्मभर पुरस्कार केला. शर्यतवाल्या मंडळींनी त्यांची थट्टा केली. खरा पुरुष एकाच चक्रावर घाट चढतो, चक्रे बदलणे हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे काम, असा त्यांचा एकंदर सूर. फ्रान्सची मोठी शर्यत 'तूर द फ्रान्स' १९०३ साली सुरू झाली, तरी चालत्या सायकलीवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे साधन वापरण्याची मुभा तिच्या स्पर्धकांना १९३७ साली मिळाली. तोवर घाटाच्या पायथ्याशी हे वीर खाली उतरत, मागचे चाक काढीत, उलटे करून बसवीत, कारण दुसऱ्या बाजूला थोडे मोठे चक्र असे. आणि पुन्हा चढत. वेलोसियोंना ते बघावयास मिळाले नाही. १९३० साली आपल्याच गावात ट्रामखाली सापडून ते गेले. वसंतात, ईस्टरच्या सुमारास, रोन नदीच्या काठाने खाली भूमध्यसागराकडे सायकलीवरून उतरण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यांनी सायकलप्रवाशांसाठी काही नियम घालून दिले आहेत. भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या, हा त्यांतला एक. तो आम्ही मोडला, त्याची हकीकत पुढे येईल.

सायकल आणि पाय यांचे झाले. पण तिसरा भिडू रस्ता. रस्ता शंभराला पंधरा चढत असता तर आमचे २६ दाते आणि ३२ दाते काही कामास आले नसते. पोर्तोहून निघालेला रस्ता पस्तीसेक किलोमीटरांत खिंडीला पोचतो, म्हणजे सरासरी चढ शंभराला चारच्या आसपास. एवढा समंजस चढ डोंगरात कोणी काढून ठेवला? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच सरकारने कॉर्सिकातील अरण्यांचे लाकूड समुद्रापर्यंत आणण्यासाठी खास रस्ते बांधले. खिंडीच्या दोन्ही अंगांना लारीचो जातीच्या पाइन वृक्षांची मोठी राने आहेत. झाड सरळसोट, चाळीस मीटरांहून उंच जाणारे. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी जिनोआवाल्यांचाही त्यांवर डोळा होता. एवढे ओंडके गाड्यांवर घालून जनावरांकडून ओढून न्यावयाचे, तर चढ-उतार बेताचाच हवा. उतारावर गाडी जनावराच्या अंगावर जाता उपयोगी नाही. म्हणून रस्ता डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरतो आणि बाहेर येतो, ओढ्यावरून वळसा घेतो, समोर दिसणारे गाव तासभर समोरच ठेवतो. मोटारवाला या वळणांना कंटाळतो. ती वळणे मुळी त्याच्यासाठी नाहीतच. जनावराच्या ताकदीला जो चढ मानवला, तोच माणसाच्या पायालाही मानवतो, हा योगायोग नव्हे.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही पोर्तोहून निघालो. ऋतू मुद्दाम निवडला होता. आपल्याकडे पाऊस पडतो तो उन्हाळ्याला लागून. भूमध्यसागराकाठी तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. जुलै-ऑगस्टात तेथे ऊन, वणव्याची भीती आणि प्रवाशांच्या मोटारींची दाटी. पोर्तोच्या दक्षिणेला पियानाजवळ लाल ग्रॅनाइटचे कडे समुद्रात उतरले आहेत. १९८३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यांच्या अंगावरून जाणारा रस्ता उन्हाळ्यात मोटारींनी तुंबतो, असे ऐकले. २०१३ साली 'तूर द फ्रान्स' ही शंभरावी शर्यत कॉर्सिकातूनच निघाली, तेव्हा आजाक्सियो ते कॅल्व्ही हे १४५ किलोमीटर शर्यतवाल्यांनी याच किनाऱ्याने चार तासांच्या आत काटले. आम्हांला पोर्तोपासून कोर्तेपर्यंतचे सुमारे ८५ किलोमीटर तीन दिवस पुरले. यात लाज वाटण्यासारखे आम्हांला काही दिसत नाही.

पहिल्या दिवशी एविसापर्यंतचे २२ किलोमीटर. गाव सोडताच दोन्ही बाजूंना झुडपांचे रान सुरू होते. याला तेथे 'माकी' म्हणतात. कंबरेपासून दोन पुरुष उंचीपर्यंतची ही झुडपे: सिस्टस, मर्टल, रोजमेरी, झाडासारखी वाढणारी हीथ, लाल फळांचे आर्ब्युटस. पाने लहान, जाड, मेणचट; चार महिने पाऊस नाही तर पाणी राखून ठेवण्याची ही तजवीज. सिस्टसच्या पानांना चिकट राळ असते आणि ऊन चढले की ती दरवळू लागते. या वासावरून आपण डोळे मिटूनही आपले बेट ओळखू, असे नेपोलियन म्हणत असे अशी गोष्ट सांगतात. खरेखोटे तो जाणे. पण ताशी साडेसहा किलोमीटरने जाणाऱ्याला तो वास दर वळणाला निराळा येतो, हे आमच्या नाकाने पाहिलेले आहे. ओढ्याजवळ मर्टल, उन्हाच्या बाजूला सिस्टस, सावलीत ओल्या मातीचा. मोटारीच्या काचेआडून यातले काही कळत नाही. याच रानात पळालेला माणूस सापडत नसे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच भूमिगतांना 'माकी' हे नाव पडले ते यावरूनच.

मित्रांचा गुडघा पहिल्या तासात गप्प होता. दुसऱ्या तासात त्यांनी, वेग थोडा वाढवावा म्हणून, चेन एक चक्र वर चढवली आणि दहा मिनिटांत चेहरा बदलला. आम्ही थांबलो, पाणी प्यालो, चेन पुन्हा खाली उतरवली. त्यानंतर एविसापर्यंत त्यांनी चेनेला हात लावला नाही. मला वाटते त्या दिवशी शिकलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. कारण गुडघा चढाने दुखत नाही, घाईने दुखतो.

रस्त्यावर मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. ही शांतता सायकलस्वाराला स्वर्गासारखी वाटते. एविसाला एका वृद्ध गृहस्थांनी तिचा अर्थ सांगितला, तेव्हा आमचा आनंद थोडा उणा झाला. कारंज्यापाशी बाटल्या भरत असताना ते आले. आमच्या मोडक्या फ्रेंचचा त्यांनी आदर राखला. समोरच्या दगडी घरांकडे हात करून म्हणाले, "ही दारे ऑगस्टात उघडतात." धनी मार्सेयला, पॅरिसला, सुटीत येतात आणि जातात. पूर्वी किनाऱ्यावर चाचे आणि हिवताप. म्हणून माणसे डोंगरात राहिली. पूर्वेची सपाट जमीन तर हिवतापाने ओस पडली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून डी.डी.टी. फवारून तो हटवला आणि शेती, धंदा, रस्ता, सारे तिकडे गेले. त्याआधीच पहिल्या महायुद्धाने हजारो तरुण नेले होते. कॉर्सिकातल्या कोणत्याही खेड्यात जा, मृतांच्या नावांची एक शिला असते आणि गावाच्या आकाराच्या मानाने यादी लांब असते. एकेका आडनावाखाली तीन-तीन, चार-चार नावे. आमच्या सोयीचा निवांत रस्ता हा असा निवांत झाला आहे. त्यावर उपाय आमच्यापाशी नाही. मुक्काम करावा, जेवावे, दोन पैसे तेथे खर्च करावेत, एवढेच सायकलस्वार करू शकतो. आणि तो मोटारवाल्याहून अधिक करतो, कारण त्याला पुढच्या गावी रात्रीच्या आत पोचता येत नाही.

एविसाभोवती चेस्टनटची बने आहेत. जिनोआच्या राज्यकर्त्यांनी सोळाव्या शतकात शेतकऱ्यांना झाडे लावण्याची सक्ती केली. चेस्टनट त्यांत प्रमुख, आणि डोंगरी लोकांचे ते धान्यच झाले. फळे माळ्यावरच्या लाकडी जाळीवर पसरून खाली कित्येक दिवस मंद विस्तव ठेवतात. वाळली की सोलून दळतात. या पिठाची आधणात हाटून घट्ट उकड करतात, तिला 'पुलेंदा' म्हणतात, आणि दोऱ्याने तिचे काप काढतात. चव किंचित गोड, किंचित धुरकट. सोबत 'ब्रोच्चू' नावाचे ताजे पनीर. आम्ही दोघेही शाकाहारी; त्या रात्री आमची चंगळ झाली. बनांना मात्र हाल आले आहेत. माणूस नाही म्हणून निगा नाही आणि २०१० पासून चीनमधून पसरत आलेली एक गांधीलमाशीसारखी बारीक कीड कळ्यांवर बसली. गळून पडलेली चेस्टनट खात डुकरे मोकळी हिंडतात. ती धन्याची असतात, रानटी नव्हेत. पण रस्ता आपलाच आहे अशी त्यांची खात्री असते.

दुसऱ्या दिवशी खिंड. बारा किलोमीटरांत सहाशेहून अधिक मीटर, म्हणजे चढ कालच्याहून खडा. गारव्यात निघावे म्हणून दुकान उघडण्याआधीच निघालो आणि येथेच वेलोसियोंचा नियम मोडला. चेस्टनट संपून आइतोनेचे पाइनचे रान लागले. खांबांच्या देवळात शिरावे तसे. लारीचो वृक्ष शतकानुशतके जगतात. वर वर जाताना त्यांच्यात बीचची झाडे मिसळू लागतात. त्यांची पालवी त्या उंचीवर तेव्हा कुठे फुटत होती. खाली समुद्राकाठी उन्हाळ्याची चाहूल आणि येथे वसंताचा पहिला दिवस. पस्तीस किलोमीटरांत ऋतू मागे नेता येतो, हे सावकाश चढल्यानेच ध्यानात येते.

खिंड दोनेक किलोमीटरांवर असताना आमचे पाय एकाएकी रिकामे झाले. दिव्यातले तेल संपावे तसे. दम लागला नव्हता, काही दुखत नव्हते, पण पॅडल खाली जाईना. स्नायूंतली साखरेची शिल्लक संपली की असे होते आणि ते भुकेच्या जाणिवेपेक्षाही आधी घडते. गंमत अशी की दुखऱ्या गुडघ्याचे मित्र टुणटुणीत होते. त्यांनी पहाटे गुपचूप उरलेली पुलेंदा खाल्ली होती. त्यांनीच घरून आणलेली गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली. एका दगडावर बसून ती संपवली आणि वीस मिनिटांनी पाय पुन्हा आमचे झाले.

खिंडीत वारा, उघडा माळ, एक मोठा दगडी पुतळा आणि चार गाई. मागे वळून पाहिले तर पश्चिमेचा समुद्र. पुढचे पाणी गोलो नदीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. शिखरांवर बर्फाचे पट्टे होते. घामाने भिजलेल्या अंगाने उतरावयाचे नाही हे माहीत होते; सदरा बदलला, छातीशी वर्तमानपत्र घातले. जुने शर्यतवाले हेच करीत आणि याहून चांगली युक्ती अजून निघालेली नाही.

चढण्याचे गणित सांगितले, तसे उतरण्याचेही सांगावयास हवे, कारण अपघात उतारावर होतात. ९० किलो वजन कालाकुच्चापर्यंत सहाशे मीटरांहून अधिक खाली येते. त्यातून जी शक्ती मोकळी होते, तिने दीड लिटर पाण्याला उकळी येईल. सावकाश उतरावयाचे म्हटले की यातला बराच भाग ब्रेकमध्ये जातो. ब्रेक सतत धरून ठेवला तर चाकाची कड तापते आणि ट्यूब फुटते. म्हणून वळणाआधी जोराने धरावा, वळणात सोडावा, मध्ये चाकाला वारा खाऊ द्यावा. हे सारे आम्ही पाठ केले होते. आणि तरीही वाल्दू नियेल्लूच्या रानात एका आंधळ्या वळणापलीकडे डुकरीण व तिची सात पिल्ले रस्त्यात लोळत पडलेली पाहिली, तेव्हा पाठांतराहून नशीबच कामी आले.

तिसऱ्या दिवशी कालाकुच्चाच्या धरणापासून खाली गोलो नदीची घळ. नाव 'स्काला दी सांता रेजिना'. स्काला म्हणजे जिना. गाडीरस्ता होण्यापूर्वी खेचरे आणि मेंढरे येथून दगडी पायऱ्यांच्या वाटेने जात. नियोलो खोऱ्यातील मेंढपाळ हिवाळ्यात कळप समुद्राकडे उतरवीत आणि उन्हाळ्यात परत वर आणीत. पायऱ्यांचे काही तुकडे पलीकडच्या कड्यावर अजून दिसतात. दोन्ही बाजूंना लाल ग्रॅनाइट, खाली पाणी, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून मोटार आली तर आम्ही उतरून कठड्याला टेकत होतो. घळीतून बाहेर पडल्यावर हमरस्ता टाळून बाजूच्या रस्त्याने एक छोटीशी खिंड चढलो आणि वरून पाओलीची जुनी राजधानी दिसली. सुळक्यावर किल्ला, त्याला चिकटलेली घरे.

कोर्तेत सायकली बिऱ्हाडी ठेवल्या. मित्र फार खुशीत होते. समुद्रापासून दोन खिंडी चढून गुडघा एकदाही रुसला नव्हता. लगेच किल्ला बघू म्हणाले. जुन्या गावातून वर जाणारी वाट म्हणजे उंच उंच दगडी पायऱ्या. एकेक पायरी वीतभराची, आणि येथे लहान चक्र लावण्याची सोय नाही. चाळिसाव्या पायरीला त्यांनी भिंतीला हात टेकला. किल्ला आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला, तोही खालून.